कॅलिफोर्निया, मार्गे वडखळ

कोकणचा कॅलिफोर्निया होणार, हे मी पायजम्याची नाडी स्वतः बांधायला शिकलो त्याच्याही आधीपासून ऐकतो आहे. सरकारं बदलली, झेंडे बदलले, काही वक्त्यांनी तर पक्ष बदलून तेच आश्वासन नव्या झेंड्याखाली नव्या जोमाने दिलं. कॅलिफोर्निया मात्र बदलला नाही. रायगड जिल्ह्यातल्या माणसाने या आश्वासनाशी कसं वागायचं, याची एक रीत ठरून गेली आहे. टाळ्या वाजवायच्या, वडापाव खायचा, घरी यायचं. त्या कॅलिफोर्नियात नेमकं असतं काय, असं आमच्याकडच्या सभेत कोणी उठून विचारल्याचं मला आठवत नाही. हापूस नसतो एवढं माहीत होतं, त्यामुळे फार हेवाही वाटला नाही.

अनर्थ झाला तो माझ्या भाच्यामुळे. ठाण्यात राहून संगणकावर काहीतरी करणारा हा मुलगा. आई-वडिलांनी सांगितलेलं त्याने कधी मनावर घेतलं नाही, पण पुढाऱ्यांनी सांगितलेलं घेतलं.

"मामा, कॅलिफोर्निया म्हणजे काय, सांग बघू."

"बदाम," मी म्हणालो.

"सर्फिंग! आणि आपल्याकडे समुद्र आहे, वाळू आहे, नारळ आहेत, मुंबई तासाभरावर आहे. मग आपलं गाव सर्फिंगचं गाव का नाही?"

भाचा तेव्हा नुकताच कर्नाटकात मुल्कीला जाऊन आला होता. मंगळूरच्या अलीकडचं हे गाव. तिथे जॅक हेबनर नावाच्या अमेरिकन साधूच्या आश्रमातून २००४ च्या सुमारास 'मंत्रा सर्फ क्लब' निघाला. लोक त्यांना 'सर्फिंग स्वामी' म्हणत. पहाटे जप, मग लाट, मग शाकाहारी जेवण असा तिथला दिनक्रम. भाचा आश्रमात राहून आला एवढंच ऐकून आमच्या सौभाग्यवतींना बरं वाटलं. तिने त्याच्यासाठी उपासाचं केलं. तो मात्र दारात उभा राहिला तो केस खांद्यापर्यंत, पायात काही नाही आणि काखेत दारापेक्षा उंच अशी एक निळी फळी घेऊन.

ही फळी मुंबईहून बोटीने मांडव्याला कशी आली, त्याची हकीकत भाच्यानेच सांगितली. तिकिटाच्या खिडकीवर त्याला विचारलं गेलं,

"गाडी का सामान?"

"दोन्ही नाही. सर्फबोर्ड आहे."

"चाकं आहेत?"

"नाहीत."

"माणूस बसतो?"

"उभा राहतो."

खिडकीतला माणूस मागे वळून म्हणाला, "साहेब, चाकं नाहीत, माणूस उभा राहतो, पाण्यावर चालतं. तिकीट कुठलं फाडू?"

साहेबांनी मान वर न करता सांगितलं, "पाण्यावर चालतं ना? मग त्यावरूनच ये म्हणावं."

मांडव्याला टमटमवाल्याने ती फळी टपावर बांधली आणि वाटेत सहानुभूतीने विचारलं, "इस्त्रीचं टेबल अलिबागेत मिळत नाय का?" गावात पोचेपर्यंत फळीची बातमी पुढे पोचली होती. सर्फ म्हटल्यावर गावात काय काय विनोद झाले ते वाचकांनी मनातल्या मनात करून घ्यावेत. ते सगळे झाले. धुण्याच्या पावडरीचा तर अजून होतो.

मी तसा संशयी माणूस. कॅलिफोर्नियात तरी हे खूळ आलं कुठून, याचा मी तपास केला, आणि जे सापडलं त्याने माझा त्या प्रांताबद्दलचा आदर एकदम वाढला. १८८५ साली तिकडे शिकायला असलेल्या हवाईच्या तीन राजपुत्रांनी सांताक्रूझला नदीच्या मुखाशी लाकडाच्या फळ्यांवर उभं राहून दाखवलं. (पश्चिम रेल्वेचं सांताक्रूझ नव्हे. तिथली लाट सकाळी साडेआठला येते, आणि तीत पडायची सोयच नाही.) पण राजपुत्रांनी केलं म्हणून प्रजा लगेच पाण्यात उतरली, असं झालं नाही. गोष्ट रंगली ती १९०७ मध्ये. हेन्री हंटिंग्टन नावाच्या गृहस्थांकडे एक रेल्वे होती, आणि त्या रेल्वेच्या समुद्राकडच्या टोकाला, रेडोंडो बीचवर, बरीच जमीन होती. मंडळी तिकडे यावीत म्हणून त्यांनी हवाईचा जॉर्ज फ्रीथ नावाचा तरुण नोकरीला ठेवला. 'पाण्यावर चालणारा माणूस' अशी जाहिरात केली. लोक तिकीट काढून यायचे, फ्रीथ लाटेवर उभा राहायचा, लोक तोंडात बोट घालायचे, आणि ते बोट बाहेर काढेपर्यंत विक्रीच्या जागेचा नकाशा समोर आलेला असायचा.

म्हणजे जगभर मिरवणाऱ्या त्या संस्कृतीच्या मुळाशी 'एन.ए. प्लॉट विकणे आहे' ही आपली ओळखीची पाटीच आहे! या बाबतीत आम्ही १९०७ च्या पुष्कळ पुढे आहोत. मांडव्यापासून मुरुडपर्यंत जा, सुरूच्या झाडांपेक्षा प्लॉटच्या पाट्या जास्त. मुंबईला कंटाळून अलिबागेत जागा घेण्याची परंपरा तर नटनट्यांनीही सुरू केलेली नाही. कुलाब्याच्या वेधशाळेतलं पृथ्वीचं चुंबकत्व मोजण्याचं काम मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून १९०४ साली अलिबागला हलवावं लागलं, कारण ट्रामच्या विजेने तिथल्या सुया बिथरल्या असत्या. मुंबईच्या कटकटीने बिथरून अलिबागला आलेले पहिले पाहुणे म्हणजे त्या सुया. तेव्हापासून रांग लागली आहे. प्लॉट आहेत, गिऱ्हाईक आहे, दलाल तर घरटी एक. फ्रीथ तेवढा कमी होता, आणि तो आता माझ्या पडवीत फळीला मेण चोळत बसला होता.

पुढचा भाग वाचून तर मी भाच्याला हाका मारून बोलावलं. त्या हंटिंग्टनसाहेबांच्या नावाने पुढे हंटिंग्टन बीच हे गाव प्रसिद्ध झालं. त्या गावाने 'सर्फ सिटी यूएसए' हे नाव कायद्याने आपल्यासाठी राखून घेतलं. सांताक्रूझमधल्या टी-शर्ट विकणाऱ्यांनी तेच नाव छापलं. प्रकरण कोर्टात गेलं आणि २००८ साली तडजोडीने मिटलं. बांधावरून भांडणारी माणसं मी जन्मापासून ओळखतो. लाटेवरून भांडणारी म्हणजे तीच, फक्त ओली. कोर्टाचं तर आम्हालाही वावडं नाही. 'अलिबाग से आया है क्या' या वाक्यावर बंदी घाला म्हणून उच्च न्यायालयात याचिका झाली होती, ती २०१९ मध्ये फेटाळली गेली. म्हणजे नाव झालेलं होतं, खटला झालेला होता. सर्फिंगचं गाव व्हायला आता फक्त सर्फिंग हवं होतं.

त्याचं वेळापत्रक भाच्याच्या फोनमध्ये होतं. फाल्गुनातल्या एका पहाटे त्याने मला हलवून उठवलं.

"मामा, ऊठ! वारा ऑफशोअर आहे. किनाऱ्याकडून समुद्राकडे. लाटेचं तोंड गुळगुळीत राहतं."

"हो, मतलई सुटलीय," मी कूस बदलत म्हणालो. पण फळीचं दुसरं टोक धरायला कोणीतरी हवं होतं, आणि हे टोक धरण्यासाठी मामा ही संस्था आपल्या समाजात पूर्वीपासून आहे.

किनाऱ्यावर गेलो तर समुद्र नव्हता.

म्हणजे होता. पण क्षितिजाच्या आसपास. मधे नुसती ओली पुळण, त्यात रुतलेल्या दोन होड्या आणि चिंबोऱ्यांची धावपळ. ज्यांनी रायगडचा किनारा फक्त जेवणानंतर पाहिला आहे त्यांना याची कल्पना येणार नाही. आमच्याकडे उधाणाच्या दिवसांत भरती आणि ओहोटीच्या पाण्यात चार-चार, पाच-पाच मीटरचा फरक पडतो, आणि किनारे असे सपाट की तेवढं पाणी उतरलं की समुद्र गावाला गेल्यासारखा वाटतो. अलिबागचा कुलाबा किल्ला भरतीला समुद्रात असतो आणि ओहोटीला लोक त्यात चालत जातात, ते यामुळेच. आम्ही फळी घेऊन चालायला लागलो. चालता चालता उजाडलं. वाटेत जाळं खांद्यावर टाकून परतणारे एक म्हातारेबुवा भेटले.

"फळी कुठं न्यायलीव?"

"समुद्राकडे."

"आज तिथी काय?"

भाच्याने फोन काढला. फोनमध्ये वाऱ्याचा वेग होता, लाटेची उंची होती, दोन लाटांमधले सेकंद होते. तिथी नव्हती.

"पुनव हाय पोरा. पंधराची पाऊणपट किती? सव्वाअकरा. सव्वाअकराला भरती. आता जा, च्या पी, झोप काढ."

तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, हे गणित आमच्याकडे शाळेत न गेलेल्या माणसालाही येतं. भाच्याने फोनवर पडताळून पाहिलं. फरक काही मिनिटांचा होता. त्यानंतर दोन दिवस तो त्या म्हाताऱ्याकडे, आश्रमात स्वामींकडे बघत असेल, तसा बघत होता.

सव्वाअकराला समुद्र आला, पण लाटा घेऊन आला नाही. गुडघ्याएवढी एक लाट यायची, फळीला विचारल्यासारखं करायची आणि वाळूत झिरपायची. भाचा फळीवर पालथा पडून हातांनी वल्हवत होता, आणि मी कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून त्याला ढकलत होतो. लाटेचं काम मामाने केलं तर त्याला सर्फिंग म्हणता येतं का, यावर आमचा थोडा वाद झाला.

लाट लहान का, याचंही कारण आहे, आणि त्यात आमच्या ग्रामपंचायतीचा दोष नाही. सर्फिंगच्या लाटा दूरच्या वादळांतून निघतात आणि शेकडो, कधी हजारो किलोमीटर चालून येतात. त्या शेवटपर्यंत ताज्या राहायच्या तर किनाऱ्यापर्यंत पाणी खोल हवं. आपल्यासमोर समुद्राच्या तळाची जी उथळ पायरी आहे, ती केरळाकडे साठेक किलोमीटर रुंद आहे, तर मुंबईच्या बाजूला काहीशे किलोमीटर. तेलविहिरींचं ते बॉम्बे हाय किनाऱ्यापासून दीडशेहून जास्त किलोमीटरवर आहे, आणि तिथेही पाणी जेमतेम पाऊणशे मीटर. एवढ्या लांबून तळाला पाय घासत येणारी लाट अलिबागला पोचेपर्यंत पार दमलेली असते. शनिवारी मुंबईहून गाडीने येणारे पाहुणे आमच्या दारात ज्या अवस्थेत उतरतात, नेमक्या त्याच अवस्थेत ती येते. येते आणि आडवी होते.

"पावसाळ्यात बघ मामा," भाचा म्हणाला.

जूनमध्ये त्याने ठाण्यात बसून बातमी पाहिली: 'सावधान! आज समुद्रात साडेचार मीटरच्या लाटा उसळणार!' साडेचार मीटर म्हणजे दीड मजला. भाच्याने रजा टाकली. आता हे साडेचार मीटर काय प्रकरण आहे, ते सांगितलं पाहिजे, कारण दर पावसाळ्यात निम्मा महाराष्ट्र त्याने दचकतो. मुंबई महापालिका साडेचार मीटरपेक्षा मोठ्या भरतीचे दिवस आधीच जाहीर करते. ती भरतीच्या पाण्याची पातळी असते. ओहोटीच्या ठरावीक खुणेपासून पाणी तेवढं वर चढणार, एवढाच तिचा अर्थ. वार्ताहरांच्या हाती पडताच मात्र त्या पातळीची लाट होते आणि ती उसळते. पातळी उसळली असं छापलं तर कोण वाचणार?

गेटवेहून मांडव्याला येणाऱ्या साध्या बोटी पावसाळ्यात बंद असतात. म्हणून भाचा फळी टपावर बांधून रस्त्याने निघाला, म्हणजे पेणवरून, म्हणजे वडखळवरून. ऐन भरतीच्या वेळेला तो वडखळ नाक्यावर पोह्याचे पापड विकत घेत होता, कारण गाडीच्या पुढे दुसरं काहीच घडत नव्हतं. फळी पाहून शेजारच्या गाडीतल्या एका गृहस्थांनी काच खाली करून विचारलं, "रस्त्यावर एवढं पाणी आहे का हो पुढे?"

दुसऱ्या दिवशी तो एकदाचा किनाऱ्यावर पोचला. आणि खरं सांगतो, समुद्र अंगावर येत होता. नैर्ऋत्येचा वारा, मातकट पाणी, एकावर एक चढणाऱ्या लाटा. भाच्याचे डोळे भरून आले. तेवढ्यात शिट्टी वाजली.

"ओ दादा! पाण्यात जायला मनाई आहे," जीवरक्षक म्हणाला.

"अरे पण आत्ताच तर लाटा आहेत!"

"म्हणूनच मनाई आहे."

"मग जायचं कधी?"

"लाटा नसतील तेव्हा खुशाल जा की. कोण अडवतंय?"

इथे मी भाच्याची बाजू घेऊ शकलो नाही. पावसाळ्यात या पाण्याची ओढ भयंकर असते, लाटा कुठूनही फुटतात, आणि १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, म्हणजे मदतीला धावायला होडीही नसते. जन्म दर्यावर गेलेली माणसं ज्या दिवसांत होड्या वर ओढून, शाकारून ठेवतात, त्या दिवसांत आमच्या फ्रीथने आत जाऊ नये हेच बरं. कर्नाटकातले लोक यावर उपाय म्हणून मोठी स्पर्धा मे अखेरीस किंवा जूनच्या तोंडाशी, पाऊस दारात असताना उरकून घेतात. तेव्हा लाट जागी झालेली असते आणि बंदी झोपलेली. आमच्याकडेही असे थोडे दिवस निघतात. पण ते असतात मे महिन्याचे शेवटचे शनिवार-रविवार. तेव्हा काशीदपासून अलिबागपर्यंत पाण्यात जेट स्की, बनाना राइड, बंपर राइड. वाळूत घोडागाडी, उंट, चारचाकी फटफट्या. आणि उरलेल्या जागेत पुणे. भाचा लाटेवर उभा राहिला असता तर उतरायला जागा नव्हती.

बरं, सर्फिंगच्या शिस्तीप्रमाणे एका लाटेवर एकच माणूस. लाट जिथून फुटते त्याच्या सगळ्यात जवळ जो असेल, लाट त्याची. बाकीच्यांनी आपली पाळी येईपर्यंत थांबायचं. मध्येच घुसणाऱ्याला तिथे वाळीत टाकतात म्हणे. हे ऐकून मी मांडव्याच्या धक्क्यावर शेवटची बोट सुटतानाचा देखावा डोळ्यांसमोर आणला आणि विषय बदलला.

नारळी पौर्णिमेच्या आधी भाच्याने एका पुस्तकात वाचलं की, जुन्या काळी हवाईत लाटा येईनाशा झाल्या, तर लोक किनाऱ्यावरची एक वेल तोडून, तिचे फटके पाण्यावर मारत आणि मंत्र म्हणून लाटांना उठवत. वेलीचं चित्र पाहिलं, तर ती आपली मर्यादवेल! जांभळ्या फुलांची, बकरीच्या खुरासारख्या पानांची, किहीमपासून दिवेआगरपर्यंत पुळणीवर पसरलेली. गावात फुकट मिळणारी सर्फिंगची ही पहिलीच वस्तू निघाली. भाच्याने हातभर लांब वेल तोडली आणि संध्याकाळी अरबी समुद्राला फटके मारू लागला. कोळीवाड्यात पौर्णिमेची तयारी चालली होती, सोनेरी कागदाचा नारळ सजत होता. पाऊणपटवाले म्हातारेबुवा बराच वेळ बघत राहिले. मग जवळ आले.

"पोरा, काय केलं त्यानं?"

"कोणी?"

"दर्यानं. मारतंस का त्याला?"

भाच्याने सगळं समजावून सांगितलं. हवाई, लाटा, मंत्र. म्हाताऱ्यांनी नीट ऐकून घेतलं.

"म्हंजे तू फटके देतंस, उठ म्हनून. आनि परवा आमी नारल देनार, गप बस म्हनून. त्यानं ऐकावं कुनाचं?"

मला वाटतं, आमच्या गावात सर्फिंग का रुजत नाही याच्यावर समिती नेमली असती, तर तिने अहवालाला तीन वर्षं आणि दोन परदेश दौरे घेतले असते. म्हाताऱ्यांनी तो एका प्रश्नात दिला. ज्या गावाची सगळी पूजाअर्चा, नवस, गाणी, बायकांचे उपास हे लाट बसावी म्हणून आहेत, तिथे लाट उठावी अशी इच्छा धरणारा माणूस आधी थोडा घरभेदीच वाटणार. बाकी सगळी संस्कृती आमच्याकडे तयार आहे. भाचाच सांगतो की, खऱ्या सर्फिंगच्या गावात माणसं बहुतेक वेळ लाटेवर नसतातच. ती समुद्राकडे बघत बसलेली असतात. कामाला उशिरा जातात, कधी जातच नाहीत. कालची लाट आजच्यापेक्षा मोठी होती असं सांगतात, आणि परवाची त्याहून. बाहेरून आलेल्याला जागा देत नाहीत. हे वर्णन त्याने हवाईचं म्हणून केलं होतं. मी आमच्या एसटी स्टँडसमोरच्या कट्ट्याकडे बोट दाखवलं. तिथली मंडळी काही पिढ्या असंच बसून आहेत, फळी नसतानाही.

पण गावाने भाच्याला निराश केलं नाही. उलट इतका पाठिंबा दिला की त्याला पळता भुई थोडी झाली. 'घरगुती जेवणाची सोय' ही पाटी 'घरगुती सर्फिंग व जेवणाची सोय' झाली. 'सर्फ व्ह्यू कॉटेज' निघालं, ते रस्त्याच्या पलीकडे वालाच्या शेतात होतं. टी-शर्ट छापले गेले. त्यांवरची लाट जपानी होती आणि नारळाचं झाड हवाईचं. वाळूत इंग्रजी अक्षरांचा सेल्फी पॉइंट उभा राहिला. सर्फिंगचं गाव व्हायला जे जे म्हणून विकत मिळतं ते दोन महिन्यांत आलं. मग, ओघानेच, 'भव्य सर्फ महोत्सव' ठरला.

महोत्सव जानेवारीत, कारण तेव्हा पाहुण्यांना सवड होती. भाचा म्हणाला, जानेवारीत लाट नसते. समिती म्हणाली, लाटेला बोलावलंयच कोणी, पाहुण्यांना बोलावलंय. उद्घाटन सकाळी अकराला, भरती साधून. पाहुणे आले चारला. तोपर्यंत समुद्र मागे गेला होता आणि मोकळ्या वाळूत बैलगाड्यांची शर्यत लागली होती. तिला गर्दी इतकी की सर्फिंगचा तंबू तिकडेच हलवावा, अशी सूचना आली. पाहुण्यांना फोटोसाठी फळीवर उभं केलं. फळी वाळूवर, पाहुणे फळीवर, आणि तोल जाऊ नये म्हणून दोन्ही बाजूंनी सहा कार्यकर्ते. फ्रीथने पाहिलं असतं तर नोकरी सोडली असती. मग भाषण झालं. कोकणचा कॅलिफोर्निया झाल्याशिवाय स्वस्थ बसणार नाही, असं पाहुणे म्हणाले. आम्ही टाळ्या वाजवल्या, वडापाव खाल्ला. पारितोषिकांत पाककला होती, रांगोळी होती, बैलांना ढाली होत्या. सर्फिंगमध्ये एकच स्पर्धक असल्याने त्याला उत्तेजनार्थ मिळालं.

याच सुमारास भाच्याने मला ज्या गावांच्या गोष्टी सांगितल्या त्या ऐकून मात्र मी गप्प झालो. चेन्नईजवळच्या कोवलमला मूर्ती मेगवन नावाच्या कोळ्याच्या पोराने सर्फिंग उचललं आणि कोळीवाड्यातल्या पोरांना शिकवलं. तिथे गाव बदललं ते त्यामुळे. इशिता मालवीय ही मूळची मुंबईची मुलगी. तिला लाट सापडली कर्नाटकात मणिपालला शिकायला गेल्यावर, आणि २००७ साली तिने मित्राबरोबर उडुपीकडे 'शाका सर्फ क्लब' काढला. २०२५ च्या ऑगस्टमध्ये महाबलीपुरमला आशियाई स्पर्धेत रमेश बुदिहाळने कांस्यपदक मिळवलं. यांतल्या कोणत्याही गोष्टीची सुरुवात सेल्फी पॉइंटने झालेली नाही, हे भाच्याने दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा सरपंचांसमोर सांगितलं. सरपंच म्हणाले, "मग आपण करून दाखवू ना."

भाचा शेवटी मुल्कीला गेला. संगणकाचं काम तिथूनही होतं म्हणे. फळी आमच्याकडे राहिली. चैत्रात सौभाग्यवतींनी ती अंगणात दोन विटांवर आडवी टाकली आणि तिच्यावर आंब्याची साठं वाळत घातली. लांबी-रुंदी अगदी बेताची, कड उचललेली, रस ओघळत नाही. फक्त पहिल्या साठाला मेणाचा वास आला, तो तिने नणंदेकडे पाठवला.

आणि एक दिवस मी किनाऱ्यावर गेलो तर कोळीवाड्यातली पाच-सहा पोरं मासळीच्या थर्माकोलच्या खोक्यांची झाकणं पोटाखाली घेऊन लाटेवरून सुसाट येत होती. लाट तीच, गुडघ्याएवढी. ती लाट फुटायच्या क्षणाला झाकणावर पडायचं, एवढीच त्यांची विद्या. भाच्याने पाहिलं असतं तर तिथेच आश्रम काढला असता. मी एकाला थांबवून विचारलं,

"उभं नाही का रे राहत त्याच्यावर?"

"कशाला? झोपून जास्त लांब जातंय."

"कोणी शिकवलं?"

"त्या केसवाल्या दादाला बघून. तो पडायचा ना, तसं नाय करायचं."

आता त्यांनी धंदा लावला आहे. पर्यटकाला झाकण भाड्याने, पन्नास रुपये. फोटो काढायचा असेल तर सत्तर. झाकण मोडलं तर दीडशे, आणि ते मोडतंच. साठं संपल्यावर फळीही त्यांनीच मागून नेली. ती आता किनाऱ्यावर दोन पिंपांवर आडवी टाकलेली आहे. एका पोराची आजी तिच्यावर ताडगोळे मांडून बसते. परवा मुंबईचं एक जोडपं गॉगल वर करून फळीकडे बघत उभं राहिलं.

"आजी, इथे सर्फिंग होतं ना? लाटा कधी येतात?"

आजीने बोटांवर मोजलं. "आज अष्टमी. सहाला भरती. पन भांगाची हाय, लाट काय यायची नाय."

"मग आम्ही काय करू?"

"ताडगोले घ्या," आजी म्हणाली. "शंभरला डझन."